पाभरीचा घोडा

आमच्या घरात दिवाळीला विकतची वस्तू कुणी कुणाला द्यायची नाही, असा नियम होता. यामागे काहीतरी तत्त्व असेल असं माझ्या इथल्या, होसूरच्या शेजारणींना वाटतं. तत्त्व नव्हतं, छाटणी होती. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांची छाटणी आणि दिवाळी एकाच वेळी येते, आणि दोन्हींतलं एक पुढं ढकलायची वेळ आली तर ती दिवाळीच असते. बाजारात जाऊन कापड निवडत बसायला एकही माणूस मोकळं नसायचं. एका वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, छाटणीतून तासभर काढून सगळ्या बायकांना पोलक्यासाठी एकाच ताग्यातलं कापड आणलं. उरलं त्याचे उशांचे अभ्रे झाले. वर्षभर घरातल्या बायका आणि उशा लांबून सारख्याच दिसायच्या. तेव्हा मोठ्या आईनं, अण्णांच्या बायकोनं, सांगून टाकलं, "आता द्यायचं ते हातचं. ज्याला हात हायेत त्यानं बनवावं." घरात चौदा माणसं होती आणि सगळ्यांना हात होते.

दसऱ्याला अवजारांची पूजा झाली की आरतीचं ताट हातात असतानाच मोठी आई नावं वाटायची. तू हिला कर, तू त्याला कर. तिथून पाडव्यापर्यंत घरात जिकडंतिकडं लपवालपवी. कणगीमागून खिळे ठोकल्याचा आवाज, फवारणीच्या पिंपाआड कुणीतरी सुई दोऱ्यात ओवताना, आणि आत चुलीवर शेव पडत असताना मध्येच विचारणा, की माझी कात्री कुणी नेली. वस्तू कशीही झाली तरी चालायची, पण ज्याला मिळाली त्यानं ती वर्षभर रोज वापरायची. इथवर ठीक होतं. नियमाचा दुसरा भाग असा, की पुढच्या वर्षी नरक चतुर्दशीला पहाटे सगळ्यांनी आपापली वस्तू घेऊन बंबापाशी यायचं आणि तिथं ठरवायचं, ठेवायची की बंबात घालायची. ठेवली तर ती घराची झाली, तिला कायमची जागा मिळाली. नाहीतर तिच्यावर पहिल्या आंघोळीचं पाणी तापलं. मोठ्या आईचं म्हणणं, नुसता पसारा वाढवून उपयोग नाही.

माझा चुलतभाऊ पोपट, अण्णांचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्यानं या नियमातली फट पहिल्याच वर्षी शोधली होती. तो सगळं द्राक्षाच्या मांडवाच्या उरलेल्या तारेचं करायचा. तार जळत नाही. त्यानं मोठ्या आईला केलेली तारेची टोपली हातात घेतली की ती आधी पदराला धरायची, मग दाराच्या पडद्याला. आईनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला "पोपटाची मांजर" नाव ठेवलं होतं. ती टोपली अजून त्या घरात आहे. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यानं मला मुद्दाम दाखवली, आत लसूण ठेवलेला. "तुझ्या लाकडाचं काय सांगावं," तो म्हणाला, "तार अमर हाय."

मी सांगते आहे त्या वर्षी माझी शाळा सुटलेली होती. सुटली म्हणजे कुणी सोडवली नव्हती. नववीची परीक्षा आणि द्राक्षाची तोड एकाच आठवड्यात आली. पहिल्या पेपरला घरी थांबले, दुसऱ्याला म्हणाले उद्या जाईन, आणि मग खोकी भरता भरता हंगाम संपला. जूनमध्ये पोपटाची वह्या-पुस्तकं आली, माझी आली नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणली असती असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मला भीती होती ती वेगळी. शाळेत न जाणारी मुलगी घरात दिसायला लागली की पाहुण्यांना ती लगेच दिसते. कुणी चहाला टेकलं की मी गोठ्यात जाऊन काहीतरी उचलायचे. दिवसभर कामात असायचे, कामाचं असल्यासारखं दिसायचे. आताही माझं तेच आहे. इथं होसूरला शाळांना बाकं करून देते मी, गेली वीस वर्षं. तरी शाळेच्या ऑफिसात माप घ्यायला गेले की चप्पल बाहेर काढते. मुख्याध्यापिका म्हणतात, असू द्या हो. पण मला वाटतं, आता या नववीचं विचारणार.

तर त्या दसऱ्याला मोठी आई ताट घेऊन फिरत होती आणि मी मागं हळद-कुंकवाची वाटी धरून. कात्र्यांना कुंकू लागलं, फवारणीच्या पंपाला लागलं, ट्रॅक्टरला लागलं, कोयता, कुदळ, शिडी, वजनकाटा. मग ती माझ्याकडं वळली.

"इंदे, तू यंदा अण्णांना कर."

घरात अण्णांना काही देणं सगळ्यात अवघड होतं. ते काही मागत नसत, काही नाकारत नसत आणि कशालाच चांगलं म्हणत नसत. उलट त्यांच्याकडून मिळणारी वस्तू मोठी आईच करायची. ते पाडव्याला ती पाहायचे आणि घेणाऱ्याइतकेच नवलानं म्हणायचे, "असं का." त्यांच्या नावावर आलेली पिशवी मला दोनदा मिळाली होती.

अण्णा उंचीनं बेताचे होते. बेताचे हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण घरात दुसरा वापरत नसत. पाटाचा पाय छोटा असला तर तो "कमी" असायचा, मिरचीचं रोप "खाली राहिलेलं" असायचं. बुटका हा शब्द उंबऱ्याच्या बाहेर होता. कुणी बंदी घातली नव्हती, पण पाहुण्यांची मुलंसुद्धा आमच्याकडं आली की दोन दिवसांत शिकायची. बागेचा मांडव माझ्या वडिलांनी आणि मिस्त्रीनं मिळून उभा केला, दोघंही ताडासारखे. तारा ओढून झाल्या त्या दिवशी अण्णा मार्केटला गेले होते. परत आले, मांडवाखाली उभे राहिले, वर पाहिलं, म्हणाले, "चांगला झालाय." तेव्हापासून दर छाटणीला ते एक लाकडी खोकं पायानं ढकलत ढकलत वेलीवेलीखाली न्यायचे आणि त्यावर उभं राहून छाटायचे. आदल्या वर्षी ते खोकं त्यांच्याखाली मोडलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ते तसेच उभे राहिले, एक पाय खोक्यात, आणि हाताशी आलेली काडी छाटत राहिले. माझे वडील पुढच्या ओळीत काहीतरी शोधायला गेले. पेठकडून छाटणीला आलेल्या टोळीतली दहा-बारा माणसं होती, ती सगळी वर बघून काम करायला लागली. कात्र्यांचा आवाज एकदम वाढला. मी त्या वेळी काड्या गोळा करत होते. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की यांना एक चांगला घोडा हवा. घोडा म्हणजे चढून उभं राहायची बैठी, रुंद पायांची घडवंची.

घरातल्या माणसाला त्याची उंची दाखवणारी वस्तू देऊ नये, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण मला वाटलं, पडण्यापेक्षा बरं.

लाकूड मिळेना. द्राक्षाची काडी वाकडी. खोक्यांच्या फळ्या मऊ, त्यांचं काय होतं ते पाहिलंच होतं. बांधावरच्या लिंबाची फांदी तोडून आणली तर ती ओली, खिळा मारला की रस यायचा. मग गोठ्यात मान वर करून बसले असताना मला पाभर दिसली. पाभर पेरणीची. आमच्याकडं बाग लागायच्या आधी बाजरी-हरभरा तिच्यानं पेरत. खाली जाड बाभळीचा दिंड, म्हणजे आडवा ओंडका, त्यात बसवलेले बाभळीचेच फण, वर बी सोडायच्या नळ्या आणि धरायला रुमणं. बाग लागल्यापासून ती आढ्याला दोरानं बांधून ठेवलेली होती, चिमण्या तिच्यावर बसायच्या. मी बराच वेळ विचार केला. दसऱ्याला मी स्वतः वाटी धरून मोठ्या आईच्या मागं होते. वजनकाट्यालासुद्धा कुंकू लागलं, पाभरीला लागलं नाही. ज्याला कुंकू लागलं नाही ते अवजार नाही, नुसतं लाकूड आहे. इतका सरळ हिशेब मी शाळेत कधी केला नव्हता.

खाली उतरवली तर दिंडावर लाल होतंच. बोटाबोटाएवढे पाच ठिपके. पण आमच्या गोठ्यात काय लाल नव्हतं. छाटणी झाली की काडीचे डोळे फुटून अंकुर यावेत म्हणून तिला औषध लावतात, आणि कुठल्या डोळ्याला लागलं ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. त्याचे डबे गोठ्यातच असायचे. म्हशीच्या शिंगावर लाल, दाराच्या कडीवर लाल, पोपटाच्या कानावर तर पोळ्यापर्यंत लाल. मी ओलं फडकं फिरवलं आणि ठिपके निघाले. मला बरं वाटलं, की चला, डाग राहिले नाहीत. औषधाचा रंग पाण्यानं निघत नाही, हे त्या घरातलं रांगतं पोरही सांगू शकलं असतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला चार पायांसाठी एकसारखं लाकूड मिळालं होतं.

बाभूळ कापायला तीन दुपारी लागल्या. करवत अण्णांचीच, खिळ्याला टांगलेली असायची. बाहेर औषध कालवायचं मशीन चालू असायचं, आत तळण, त्यात माझा आवाज झाकून जायचा. दिंडाचे चार तुकडे केले, प्रत्येक हातभर. खिळा बाभळीत शिरेना, वाकायचा, म्हणून सळई चुलीत लाल करून भोकं पाडली. आई म्हणाली, "करंज्या जळाल्या का गं?" मी हो म्हणाले. जिथं पूर्वी फण बसायचे ती चौकोनी भोकं पायांत राहिली होती, ती खोक्याच्या चिपा ठोकून बुजवली. वर दुहेरी फळ्या. उभी राहून पाहिलं, उड्या मारून पाहिलं. घोडा हलला नाही. माझ्या हाताला सात फोड आले होते आणि मी त्या आधी कधी इतकी खूश नव्हते. उरलेले फण, नळ्या, रुमणं हे सगळं मी पोत्यात भरून आढ्यावर ठेवलं. सरपणाला होतील म्हणून.

पाडव्याला मुली वडिलांना आणि चुलत्यांना ओवाळतात. अण्णा पाटावर बसले, मी ओवाळलं, आणि पोत्याखाली झाकलेला घोडा पुढं सरकवला. अण्णांनी पोतं काढलं. ओसरीवरच्या सगळ्यांनी आधी घोड्याची उंची पाहिली. माझे वडील आडव्या आलेल्या कोंबडीला हाकलायला उठले. कोंबडी नव्हती. अण्णांनी घोडा उलटा केला. पायावरून हात फिरवत नेला आणि बुजवलेल्या चौकोनी भोकावर अंगठा थांबवला.

"भोक कशानं बुजवलं?"

"खोक्याच्या चिपंनं."

"बसली का?"

"बसली."

"असं का," अण्णा म्हणाले. मग घोडा सरळ केला, त्याच्यावर चढले, आढ्याकडं एकदा पाहिलं आणि उतरले. मला अण्णांच्या नावची पिशवी मिळाली. तिसरी.

आईनं मला दंडाला धरून चुलीपाशी नेलं. "इंदे, हे लाकूड कुठलं?" मी सांगितलं. ती चुलीपुढं खालीच बसली. "अगं, पाभर का ती नुसती? तुझ्या आज्यानं घडवली. अण्णांनी पेरणीची पहिली मूठ धरली ती तिच्यावर. दर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं जाऊन तिला कुंकू लावतेत ते."

"सगळ्यांबरोबर का नाय लावत?"

आईनं इकडंतिकडं पाहिलं. "तिथवर शिडी लागती," ती हळूच म्हणाली.

सगळ्यांदेखत अण्णा शिडी चढत नसत. हे मला माहीत होतं, पण त्याचा पाभरीशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, जाऊन पाया पडते. आई म्हणाली, "आता बोलायचं नाय. ते बोलले का? नाय ना. मग तूबी नाय." आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच मिटत, किंवा मिटत नसत.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी घोडा वापरायला घेतला. नियमच होता. सकाळी खांद्यावर टाकून न्यायचे, संध्याकाळी धुऊन ओसरीवर ठेवायचे. छाटणी संपली, मग डोळे फुटले, घड आले, विरळणी आली, आणि रोज माझ्या डोळ्यासमोर ते त्यांच्या बापाच्या पाभरीवर पाय देऊन चढत आणि उतरत होते. काही बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मी जास्त काम करायला लागले. पाणी तापवून देई, चपला जागेवर लावी, न सांगता पानसुपारीची चंची भरून ठेवी. पोपट म्हणाला, "इंदे, तू अशी मागं लागली तर ते घोड्यावरून उतरायचेच नायेत." मार्गशीर्षात वरची फळी तडकली म्हणून मी घाबरून पाहायला गेले, तर तिथं नवीन फळी होती, कडा तासलेली. कुणी बसवली, मी विचारलं नाही. एकदा विरळणीच्या वेळी अण्णांनी मला हाक मारली आणि उजवा हात पुढं करायला सांगितला. "मूठ मीट." मी मिटली. त्यांनी आपल्या अंगठ्यानं मुठीच्या आतली रुंदी पाहिली आणि म्हणाले, "जा." दोन दिवस मी त्याचा अर्थ लावत होते. शेवटी ठरलं, की बांगड्यांचं माप असणार.

कारण निफाडचे पाहुणे येऊन गेले होते. आमच्या आत्याच्या सासरचे कुणीतरी. बागेतच आले थेट, अण्णा घोड्यावर आणि ते खाली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "मुलगी घरीच असती म्हणं आता. आमच्या ध्यानात एक मुलगा हाय. टेम्पो हाय त्याचा." अण्णांनी तीन घड विरळून खाली टाकले. मग पायाखालच्या फळीवर टाच आपटली.

"हा तिनं केलाय."

"असं?" पाहुणे म्हणाले.

"वर्षभर वापरायचा असतो आमच्याकडं. दिवाळीला बघू, टिकतो का. मग बोलू."

पाहुण्यांना हे कळलं नाही, पण दिवाळी कळली. ते चहा पिऊन गेले. पोपटाला मात्र सगळं कळलं. तो त्या दिवशी मला म्हणाला, "म्हंजी घोडा गेला बंबात की तू गेली निफाडला." मग त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण संध्याकाळी तो तारेचं भेंडोळं घेऊन आला. म्हणाला, सगळ्या घोड्याला तार गुंडाळू, तार जळत नाय. मी खरंच विचार केला होता. पायांना दोन वेढे दिलेही, आणि मग काढले. ते अण्णांच्या पोटरीला लागले असते.

नरक चतुर्दशीला पहाटे थंडी चांगली होती. परसात बंब पेटलेला, त्यात द्राक्षाच्या वाळल्या काड्या तडतडत होत्या, उटण्याचा वास आणि सगळ्यांच्या हातात आपापली वस्तू. माझ्या वडिलांनी त्यांच्या वाट्याची फळकुटाची मांडणी स्वतःच मोडून आणली होती, त्यांचं म्हणणं ती तशीही मोडणारच होती. आईचं पायपुसणं गेलं. मोठ्या आईनं टोपली बंबाला दाखवली आणि परत नेली. मी भिंतीला टेकून उभी होते. अण्णांच्या हातात घोडा नव्हता. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं. त्यांनी ते खाली टाकलं आणि आत बाभळीचा आवाज झाला. तो आवाज मला माहीत होता, तीन दुपारी मी दुसरं काही ऐकलं नव्हतं. घोडा फोडून आणला आहे, एवढंच मला कळलं. निफाडला टेम्पो कसला असेल, तीनचाकी की चारचाकी, असं काहीतरी डोक्यात यायला लागलं.

अण्णांनी पोतं उलटं केलं. फण निघाले. नळ्या निघाल्या. घोड्याचं एक चिपूटही नव्हतं.

मोठी आई तेलाची वाटी घेऊन उभी होती. "अवं, काय करता? तिला जाळत नसतेत."

"अर्धी पाभर कुणी पुजायची?" अण्णा म्हणाले. "आणि कुठं लावू कुंकू, सांग. दिंडावर लावायचो. दिंडावर मी वर्षभर उभा हाय."

त्यांनी पहिला फण कपाळाला लावला आणि बंबात सारला. मग दुसरा. बाभूळ सावकाश धरते, पण धरली की सोडत नाही. बंबाचं पाणी असं काही उकळलं, की त्या दिवशी चौदा माणसांच्या आंघोळी होऊन वर म्हशीचं आंबोणही त्यावरच शिजलं. पहिली आंघोळ अण्णांची. पोपटानं पाट मांडला. अण्णांनी तो पायानं बाजूला केला.

"माझा घोडा आण."

पोपट धावत गेला, घोडा आणला. अण्णा त्यावर बसले, मोठी आई डोक्याला तेल घालायला लागली. त्यांनी बसल्याबसल्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या पायांवर हात ठेवून पाहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बुटका झालाय जरा. पुढचा चार बोटं उंच कर."

मोठ्या आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. तेल अण्णांच्या कानावरून गळत होतं. माझे वडील बंबाकडं बघत होते, फारच लक्ष देऊन.

"करती," मी म्हणाले.

"तेल चोळ की," अण्णा मोठ्या आईला म्हणाले.

दोन दिवसांनी पाडवा. मी ओवाळलं आणि पिशवीसाठी हात पुढं केला. अण्णांनी पाटाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मोठी आई पुढं वाकली. म्हणजे तिनं केलेलं नव्हतं. आत करवत होती. पातं नवं, आणि मूठ जुन्या, काळ्या पडलेल्या बाभळीची, माझ्या मुठीच्या मापाची. रुमण्याचं लाकूड. त्या लाकडाला धरून अण्णांनी आणि त्याआधी त्यांच्या वडिलांनी किती पेरण्या केल्या असतील कुणास ठाऊक. पोत्यात मी ते ठेवलं होतं आणि बंबात ते गेलं नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुठीवर कानशीनं घासल्याचे ओरखडे होते, एका बाजूला जास्त. तिला कुणी देखणी म्हणालं नसतं.

"पातं विकतचं हाय," पोपट म्हणाला. "हातचं नाय हे."

"पातं माझ्या करवतीच्या बदल्यात हाय," अण्णा म्हणाले. "हिनं तिचे सगळे दात घालवले. बाभूळ कापायची तर दात वेगळे लागतेत. हे कुणीतरी शिकवायला पायजे."

भाऊबीजेला निफाडचे पाहुणे आले. मी गोठ्यात गेले नाही, चहा ठेवला. अण्णा त्यांना म्हणाले, "तिला माझा घोडा करायचाय. चार बोटं उंच." पाहुण्यांनी विचारलं, त्याला किती दिवस लागतील. अण्णा म्हणाले, "बघू." बाग फुटल्यावर ते मला जीपनं सिन्नरला घेऊन गेले, तिथं त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री कारखान्यांना लाकडी खोकी आणि बाकं करून द्यायचा. मिस्त्री म्हणाला, मुलगी हाय. अण्णा म्हणाले, माहीत हाय. मी आत्याच्या नणंदेकडं राहिले आणि सहा वर्षं त्या मिस्त्रीकडं शिकले. तिथंच शेजारच्या कारखान्यात एक फिटर होता, त्याच्याशी लग्न झालं, त्याची बदली होसूरला झाली, आणि मी इथं आले. इतक्या लांब, परक्या भाषेत येऊन पहिले दोन महिने मला कुणाशी बोलता येत नव्हतं. करवतीचा आवाज मात्र इथंही तसाच येतो. अण्णांना मी चार बोटं उंच घोडा दिला. तो त्यांनी शेवटपर्यंत वापरला, आणि पहिला पोपटाच्या घरात आहे. त्याचा नातू त्यावर उभा राहून दात घासतो. व्हिडिओवर पाहिलं मी, नळाला अजून चार बोटं कमीच पडतो.

करवतीचं पातं मी किती वेळा बदललं, मोजलेलं नाही. मूठ तीच. नियमाप्रमाणे ती मी वर्षभर रोज वापरली, आणि नियमात ठरवायचं एकदाच असतं, मी मात्र दर वर्षी नरक चतुर्दशीला नव्यानं ठरवते, ठेवायची की घालायची. इथं बंब नाही, गिझर आहे. तरी पहाटे मी करवत आणते आणि गिझरखाली बादलीपाशी भिंतीला टेकवून ठेवते. मिस्टर टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे असतात.

"मग?" ते विचारतात. "अजून एक वर्ष?"

मी मूठ धरून पाहते. एका बाजूला अजून टोचते.

"अजून एक वर्ष," मी म्हणते.